चार तासांचं शून्य

कागदावर तीन जागा आहेत. क, ख आणि ग.
खाण वर, डोंगराच्या पोटात.
तिथून निघणारं राखाडी पीठ, पाण्यात कालवलेलं,
कुठेतरी ठेवायचं आहे.
'कुठेतरी' या शब्दासाठी मला पगार मिळतो.

खाण अठरा वर्षं चालेल.
बांधाला निवृत्ती नाही.
आम्ही सगळे विसरलो तरी तो उभाच राहणार,
ज्यात कधी काही पिकणार नाही
असा चिखल छातीशी धरून.

ख स्वस्त. खाणीपासून चार किलोमीटर,
आणि दरीचा गळा इतका चिंचोळा
की एक भिंत घातली की झालं.
बिश्केकहून फोन येतो: ख चं काय ठरलं?
मी म्हणते, बघतेय.

बघणं म्हणजे
आरचाची खोडं बघणं.
(जुनिपरला इथे आरचा म्हणतात.)
बुंध्याशी गुडघ्यात वाकलेली, मग सरळ वर गेलेली.
जमीन खाली सरकते, झाड पुन्हा उभं राहू बघतं,
दर वर्षी नखाएवढं.
उतारावर गवताच्या वळ्या, पायऱ्यांसारख्या.
मेंढ्यांच्या वाटा आहेत त्या, ड्रायव्हर म्हणतो.
असतीलही.
मी दोन्ही लिहिते.

खाली, दोन ओढे मिळतात तिथे, तेमिरकुल यांचं ठाणं:
पाण्यात उभी आकडे रंगवलेली पट्टी, काठावर खोपटं.
अठ्ठ्याहत्तर सालापासून
रोज सकाळी आठला आणि रात्री आठला
ते पाण्याची उंची लिहितात.
मध्ये देश बदलला. पगार थांबला. वह्या संपल्या,
मग मुलीच्या गणिताच्या वह्यांतली
कोरी पानं कामी आली.

त्यांनी एक वही उघडून माझ्यासमोर सरकवली.
एप्रिल, चौऱ्याण्णव.
आठ वाजता: शून्य.
नऊ: शून्य.
दहा: शून्य.
अकरा: शून्य.
बारा: पट्टी नाही.

मी म्हणाले, आमच्या डेटामध्ये हा दिवसच नाही.
मग आठवलं. आहे. रिकामा चौकोन आहे,
शेजारी कुणाचा तरी नेटका शेरा:
'उपकरणातील दोष, नोंद वगळली.'

उपकरण? ते हसले.
उपकरण मीच होतो.

वर, तुमच्या ख मध्ये, अख्खा उतार बसला.
ओढ्यानं श्वास धरला चार तास.
तळ उघडा पडला आणि मासे तडफडताना दिसू लागले,
तेव्हा गावातली मुलं बादल्या घेऊन उतरली,
सणासारखी.
मला ते शून्य आवडलं नव्हतं.
मी काठावरून हाका मारल्या.
सगळ्यांना ऐकू गेल्या नाहीत.

मग त्यांनी चहा ओतला. जर्दाळूची वाटी पुढे केली.
मी खाल्ला एक. गोड होता.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे:
भूस्खलनाचा इतिहास. तिथे छापल्यासारखं
'आढळला नाही', माझ्याच अक्षरात, मंगळवारचं.
पुढचा रकाना: बांधाखाली राहणारी माणसं, २१२.
त्यापुढे गुण. गुणांना भार. भारांची बेरीज.
भार कुणी ठरवले, हे फॉर्मवर नाही.

क च्या पोटातून भेग जाते.
ग अकरा किलोमीटर लांब, दुप्पट खर्चाची,
तिच्याखाली जर्दाळूच्या तीन बागा
आणि एक कब्रस्तान.
निर्दोष जागा या नकाशात नाही.
कमी वाईट जागा शोधायची,
आणि 'कमी' म्हणताना जीभ अडखळली पाहिजे,
एवढंच मला कळतं.

फोन पुन्हा वाजतो. मी उचलत नाही.
'आढळला नाही'वर रेघ मारते.
रेघ सरळ येत नाही.

आठ वाजतात.
तेमिरकुल बॅटरी घेऊन उठतात, गुडघे धरत,
अंधारात काठ उतरतात.
खालून आवाज येतो, कुणालाच उद्देशून नसलेला:
एक मीटर, बारा.

मीही लिहून घेते.